एसएसडी टाकली की गेम वेगात चालतो का?

हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर माल साठवणारी डिस्क, टाकली म्हणून गेमचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा (फ्रेमचा) आकडा, वाढत नाही. ४५ मिळत असेल तर तो ४५च राहतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला चौकशी केली की "भिया, एसएसडी डलवा लो, मक्खन चलेगा" असं ऐकायला मिळतं आणि मग पोरं घरी येऊन स्क्रीनच्या कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा बघत बसतात. मक्खनवाली गोष्ट खोटी नाही. फक्त तिचा परिणाम त्या आकड्यात दिसत नाही, दुसरीकडे दिसतो. कुठे दिसतो, किती दिसतो आणि कोणत्या मशीनवर अजिबात दिसत नाही, हे नीट कळलं तर पैसे योग्य जागी लागतात.

६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. १४४ एफपीएस म्हणजे जेमतेम ६.९. तेवढ्या वेळात प्रोसेसर खेळाचा हिशोब करतो, कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली वगैरे, आणि ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. यासाठी लागणारा माल तोवर रॅममध्ये आणि कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, येऊन पडलेला असतो. डिस्कचं काम त्याआधीचं, माल तिथवर पोचवायचं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये नकाशा एकदा उघडला की सामना संपेपर्यंत डिस्कला फारसं काही करायचं नसतं. असे गेम खेळणाऱ्याला एसएसडीने मिळणारा फायदा म्हणजे गेम आणि नकाशा लवकर उघडतो, एवढाच.

जीटीए ५, रेड डेड रिडेम्प्शन २, सायबरपंक यांसारख्या मोकळ्या जगाच्या गेमचं मात्र तसं नाही. सगळं शहर रॅममध्ये मावत नाही, म्हणून तुम्ही गाडी पळवता तसतसा पुढचा रस्ता, पुढच्या इमारती डिस्कवरून ओढत राहावं लागतं. हार्ड डिस्क मागे पडली की समोरच्या भिंती पाच-सात सेकंद पुसट दिसतात, रस्त्याकडेची झाडं अचानक उगवतात, आणि गेमचं इंजिन एखाद्या फाइलसाठी थांबूनच राहिलं तर चित्र क्षणभर गोठतं. इथे एसएसडीचा फरक ढळढळीत दिसतो. सरासरी एफपीएस तोच राहतो, पण '१ टक्का लो' नावाचा आकडा, म्हणजे सगळ्यांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, तो वर येतो. हाताला जो गुळगुळीतपणा जाणवतो तो याच आकड्याचा. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर (खेळताना हे आकडे दाखवणारा प्रोग्राम) लावून बघणार असाल तर नुसता एफपीएस न बघता फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावा. हार्ड डिस्कवर त्यात मधूनमधून उंच सुळके निघतात, एसएसडीवर त्यातले बरेचसे गायब होतात.

हार्ड डिस्क नेमकी कुठे अडकते

डेस्कटॉपच्या नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे कुठल्याही एका विखुरलेल्या तुकड्यासाठी बारा-तेरा मिलिसेकंद नुसते वाट बघण्यात जातात. सेकंदाला असे सत्तर-ऐंशी तुकडेच वाचून होतात. तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला साधारण ०.३ एमबी! तीच डिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १५० ते २०० एमबी देते. लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची अवस्था याहून वाईट. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तोच तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हातात येतो.

गेम बनवणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून ते डोक्याची पळापळ वाचवायला एकच वस्तू डिस्कवर अनेक ठिकाणी लिहून ठेवायचे. सोनीच्या मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये पीएस ५ ची रचना समजावताना सांगितलं होतं की हार्ड डिस्कसाठी बनवलेल्या गेममध्ये काही वस्तूंच्या तब्बल ४०० प्रती असायच्या. गेम शंभर-दीडशे जीबीचे होण्यामागे हेही एक कारण. आता वारं फिरलं आहे. स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट ३ या २०२३ च्या गेमनी किमान गरजेतच एसएसडी लिहिली आणि सायबरपंक २०७७ नेही त्याच वर्षी हार्ड डिस्क आपल्या यादीतून काढली. अशा गेमसाठी 'एसएसडी घेऊ की नको' हा प्रश्नच उरलेला नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हेलडायव्हर्स २ पीसीवर सुमारे १५० जीबी जागा खायचा. हार्ड डिस्कवाल्यांसाठी केलेल्या प्रती काढल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये तो २३ जीबीच्या आसपास आला, आणि हार्ड डिस्कवरचं लोडिंगसुद्धा काही सेकंदांनीच वाढलं. कारण तिथला बराचसा वेळ फाइल वाचण्यात जातच नव्हता, रणांगण दर वेळी नव्याने रचण्यात जात होता, आणि ते काम प्रोसेसरचं. जीटीए ऑनलाइनचं उदाहरण याहून बोलकं आहे. कित्येक वर्षं लोक पाच-सहा मिनिटं लोडिंगचे ढग बघत बसत होते, एसएसडी घेतली तरी फारसा फरक नाही. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने शोधून काढलं की गेम १० एमबीची एक यादी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर अत्यंत वेडगळ पद्धतीने वाचतो आहे. तेवढं दुरुस्त केल्यावर त्याच्या मशीनवर लोडिंग सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं. रॉकस्टारने मार्चमध्ये ती दुरुस्ती सगळ्यांना दिली आणि त्याला १०,००० डॉलर बक्षीसही दिलं. जगातली सगळ्यांत महागडी एसएसडी लावली असती तरी ते लोडिंग कमी झालं नसतं.

सॅटा, एनव्हीएमई आणि खोक्यावरचे आकडे

सॅटा हा एसएसडी जोडायचा जुना मार्ग, हार्ड डिस्कचाच. एनव्हीएमई हा नवा, जास्त वेगाचा, आणि जेन ३, ४, ५ या त्याच्या पिढ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग म्हणजे मोठी फाइल सलग वाचण्याचा वेग. सॅटा एसएसडी ५५० एमबी, जेन ३ एनव्हीएमई ३५०० पर्यंत, जेन ४ सुमारे ७००० आणि जेन ५ दहा हजारांच्या वर. हे बघून सॅटापेक्षा जेन ४ तेरापट चांगली वाटते. पण क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवून त्यातली सगळ्यांत खालची ओळ बघा, एका वेळी एकच ४ केबीचा तुकडा वाचण्याची. तिथे सॅटा ३०-४० एमबी दाखवते आणि चांगली एनव्हीएमई ६०-८०. तेरापटीची दुप्पट झाली. बहुतेक गेम लहान-मोठे तुकडे मिसळून वाचतात, आणि वाचून झाल्यावर तो माल दाबून बांधलेला असतो, तो प्रोसेसरला सोडवावा लागतो. गव्हाची पोती रिक्षाने आणा नाहीतर ट्रकने, चक्की एकच असेल तर पीठ चक्कीच्या वेगानेच निघणार.

म्हणून हिशोब असा बसतो. हार्ड डिस्कवरून सॅटा एसएसडीवर गेलात तर मिनिटभराचं लोडिंग पंधरा-वीस सेकंदांवर येऊ शकतं. सॅटावरून एनव्हीएमईवर गेलात तर त्यातले एक-दोन, फार तर चार सेकंद वाचतात. जेन ३ वरून जेन ४ वर गेलात तर घड्याळ लावल्याशिवाय कळणार नाही. नवीन घ्यायचीच असेल आणि बोर्डावर तिचा स्लॉट असेल तर एनव्हीएमईच घ्या, केबलची कटकट नाही आणि किमतीतही फार अंतर नसतं. पण चालू सॅटा एसएसडी काढून त्या जागी केवळ गेमसाठी एनव्हीएमई घेणं मला पटत नाही.

डायरेक्टस्टोरेजचं नाव यात नेहमी निघतं. डिस्कवरचा माल गेमपर्यंत वेगाने पोचवायची ही पद्धत मायक्रोसॉफ्टने पीसीसाठी मार्च २०२२ मध्ये आणली. बांधलेला माल सोडवायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाकडे द्यायची सोय त्यात त्याच वर्षी पुढे आली. फॉरस्पोकन जानेवारी २०२३ ला आणि रॅचेट अँड क्लँकचा रिफ्ट अपार्ट जुलै २०२३ ला डायरेक्टस्टोरेजसह आला. कल्पना उत्तम आहे, पण ती वापरणारे गेम अजून मोजकेच. शिवाय कार्डावर आधीच पूर्ण भार असेल तर माल सोडवायलाही त्याचाच वेळ जातो. या एका शब्दासाठी आज जेन ५ घेऊ नका.

विकत घेण्याआधीची फुकट चाचणी

ही चाचणी कुणी फारशी सांगत नाही, पण पैसे खर्च करण्याआधी हीच करायला हवी. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, दोन-तीन मिनिटं शांत बसू द्या. गेम उघडा, एक ठरावीक सेव्ह निवडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने लोडिंगचा वेळ घ्या. आता गेममधून पूर्ण बाहेर पडा, कॉम्प्युटर बंद करू नका, मध्ये ब्राउझर वगैरे उघडू नका. तोच गेम, तोच सेव्ह पुन्हा उघडा आणि पुन्हा वेळ घ्या.

विंडोज नुकत्याच वाचलेल्या फाइल रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवतं. दुसऱ्या वेळी त्या डिस्कवरून न येता थेट रॅममधून येतात, आणि रॅम कुठल्याही एसएसडीपेक्षा कितीतरी वेगवान. त्यामुळे दुसरं लोडिंग पहिल्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं तर अडथळा डिस्कचाच होता, एसएसडी घ्या, साधारण तेवढाच फायदा होईल. दोन्ही वेळा घड्याळ जवळपास तेवढंच दाखवत असेल तर अडथळा प्रोसेसरचा किंवा गेमचाच आहे. एसएसडीने तिथे हाती काही लागणार नाही. यासाठी रॅम १६ जीबी तरी हवी. ८ जीबीत धरून ठेवायला जागाच उरत नाही आणि चाचणी फसवते. गेम अपडेट झाल्यानंतरची पहिली वेळही मोजू नका, तेव्हा शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं ते ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात.

खेळताना अडखळत असेल तर विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडून ठेवा. चित्र गोठतं त्याच क्षणी डिस्कचा सक्रिय वेळ १०० टक्क्यांना टेकतो का बघा. टेकत असेल तर मेमरीच्या पानावर सेकंदाला किती हार्ड फॉल्ट होतात, म्हणजे रॅममध्ये नसलेला माल किती वेळा डिस्कवरून आणावा लागतो, तेही बघा. तो आकडा शेकड्यांत उड्या मारत असेल तर खरी अडचण रॅमची आहे. ८ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेला माल पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर ठेवतं आणि परत आणतं. एसएसडीने हा त्रास कमी होतो, पण तो मुळातून जायचा तर रॅम वाढवा. ८ची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनेल करा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, एएमडीच्या ५६००जी सारख्या प्रोसेसरवर तर यानेच एफपीएस खरोखर वाढतो, कारण तिथे चित्र काढायलाही हीच रॅम वापरली जाते.

आणि डिस्क शांत असताना, एखादा स्फोट किंवा नवीन ठिकाण पहिल्यांदाच दिसलं की अडखळतं, दुसऱ्यांदा तिथेच गेलं की नाही? तो शेडर तयार होण्याचा अडथळा आहे. अनरियल इंजिनच्या अनेक गेममध्ये आढळतो. त्याचा एसएसडीशी संबंध नाही.

कोणत्या बोर्डावर काय बसेल

रामबागेपासून सुदामानगरापर्यंत आपल्या घरांत दहा-बारा वर्षं जुने डेस्कटॉप अजून चालू आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करतो. मदरबोर्ड एच६१ किंवा एच८१ (हे नाव बोर्डाच्या मॉडेलमध्येच असतं) असेल तर अडीच इंची सॅटा एसएसडीच घ्या. एनव्हीएमई पीसीआय कार्डावर बसवून लावता येते, पण हे बोर्ड बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्राममध्ये, फेरफार केल्याशिवाय तिच्यावरून विंडोज सुरू करत नाहीत. एच६१ वर सगळे सॅटा पोर्ट ३ गिगाबिटचे असतात, म्हणजे ५५०ची एसएसडी पावणेतीनशेच्या आसपास धावेल. त्याची चिंता करू नका. मुख्य फायदा थांबण्याचा वेळ कमी होण्याचा आहे, तो पूर्ण मिळतो. एच८१ वर चारपैकी दोनच पोर्ट ६ गिगाबिटचे, एसएसडी त्यातल्या एकाला लावा. बोर्डावर पोर्टशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, रंगही वेगळा असतो.

एम.२ स्लॉट असलेल्या बोर्डावर फसगत वेगळीच. एम.२ हा फक्त आकार आहे, त्या आकारात सॅटा एसएसडीही येते आणि एनव्हीएमईही. दोन खाचांची बहुतेक सॅटा असते, एका खाचेची बहुतेक एनव्हीएमई, पण खाचेवर विसंबू नका. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्लॉट काय घेतो ते बघा. अनेक बी४५० बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये काही बसवलं की दोन सॅटा पोर्ट बंद होतात. लोक घाबरतात की जुनी हार्ड डिस्क गेली. गेलेली नसते, तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावली की परत दिसते. बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा इंटेल असेल तर प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट मेलेलाच राहतो, तो अकराव्या पिढीलाच जागा होतो. बी५५० वर ५६००जी किंवा ५७००जी असेल तर जेन ४ एसएसडीसुद्धा जेन ३ च्या वेगाने चालते. चालेल नीट, पण जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

भंवरकुआं भागात क्लाससाठी राहणाऱ्या मुलांकडे लॅपटॉप असतात. त्यात दुसरा स्लॉट आहे का ते झाकण उघडण्याआधी मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर बघून घ्या. बाहेरून यूएसबी एसएसडी लावूनही गेम चालतात. ५ गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला ४५० एमबीपर्यंत मिळतात, म्हणजे सॅटाच्या जवळपास. तीच एसएसडी यूएसबी २ च्या पोर्टला लावली तर ४० एमबीच्या खाली येते. लावण्याआधी पोर्ट तेवढा तपासा.

२५६ जीबीची एसएसडी आता गेमसाठी घेऊ नका. विंडोज, त्याचे अपडेट आणि एक मोठा गेम, एवढ्यात ती भरते. लोक मग विंडोज एसएसडीवर ठेवतात, गेम डी ड्राइव्हच्या हार्ड डिस्कवर, आणि म्हणतात फरक पडला नाही. पडणारच नाही. गेम ज्या डिस्कवर आहे त्याच डिस्कच्या वेगाने उघडतो. निदान ५०० जीबी घ्या, जमलं तर १ टीबी. विंडोज १ टीबीला ९३१ दाखवतं, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, माल कमी नाही.

एका पेशीत तीन बिट ठेवणारी टीएलसी आणि चार बिट ठेवणारी क्यूएलसी यांत निवड असेल तर टीएलसी घ्या. क्यूएलसी खेळताना जवळपास तशीच वागते, पण १५० जीबीचा गेम उतरवताना तिचा वेगवान राखीव भाग भरतो आणि पुढचं लिहिणं हार्ड डिस्कच्या पातळीवर घसरतं. स्वतःची डीरॅम (हिशोबासाठीची छोटी मेमरी) नसलेली एनव्हीएमई मात्र गेमसाठी चालते, ती कॉम्प्युटरच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेते. सॅटा एसएसडीला ती सोय नाही, म्हणून सॅटात डीरॅमवाली मिळाली तर जास्त चांगलं.

बसवताना

वीज बंद, मागची केबल काढलेली, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मग एसएसडी हातात घ्या. एम.२ साधारण ३० अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवायची, सोनेरी दात जवळपास दिसेनासे होईपर्यंत. मग खाली दाबून बारीक स्क्रू लावायचा. त्या स्क्रूखाली पितळेचा छोटा खांब हवा. तो नसला आणि स्क्रू थेट बोर्डात पिळला तर एसएसडी वाकते. खांब आणि स्क्रू बोर्डाच्या खोक्यातल्या पुडीत येतात, ती पुडी हरवलेली असेल तर दुकानातून एसएसडी घेतानाच मागून घ्या, नंतर शोधणं जिवावर येतं. बोर्डाला पत्र्याचा हीटसिंक असेल तर त्याच्या पॅडवरचा पारदर्शक कागद आठवणीने सोला. एसएसडीवरचं लेबल सोलू नका, वॉरंटी त्यावरच असते.

सॅटा एसएसडीला पॉवर सप्लायची सॅटा वायर कमी पडली की जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून सॅटा करणारी स्वस्त वायर लावतात. त्यातली साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची येते ती टाळा, आत तारा जवळ येऊन शॉर्ट होतात आणि जळतात. टोकाला एकेक तार वेगळी खोचलेली दिसते ती घ्या.

विंडोज नव्याने टाकणं मला सगळ्यांत स्वच्छ वाटतं. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरे. टाकताना जुन्या हार्ड डिस्कची सॅटा केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज स्वतः एसएसडीवर जातं, पण ते सुरू करणाऱ्या फाइल हार्ड डिस्कवर ठेवतं. वर्षभराने हार्ड डिस्क काढलीत की कॉम्प्युटर सुरूच होत नाही आणि दोष एसएसडीला जातो. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही, असंही होतं. एसएसडी ठीक असते. बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सेटिंग) बंद करा किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉलरला दाखवा.

जुनी डिस्क आहे तशी क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करायची असेल तर आधी तिच्यावरच्या विभागांची नोंद एमबीआर (जुनी पद्धत) आहे की जीपीटी (नवी) ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. जुने डेस्कटॉप बहुतेक एमबीआर असतात आणि क्लोनही एमबीआरच होतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्योर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) लागतं, बॅटलफील्ड ६ लाही सिक्योर बूट लागतं, आणि एमबीआर डिस्कवर सिक्योर बूट चालू होत नाही. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची कमांड आहे, ती डेटा न पुसता रूपांतर करते. आधी तपासणीचा पर्याय चालवा, मग रूपांतर, आणि लगेच बायोसमध्ये सीएसएम (सुरू करायची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय (नवी) चालू करा. महत्त्वाच्या फाइलची प्रत आधी वेगळी काढलेली हवीच. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो आधी थांबवा आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या.

दुसरी डिस्क म्हणून लावलेली एसएसडी 'धिस पीसी'त दिसली नाही तर ती खराब समजून परत करायला धावू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ करा, जीपीटी निवडा, एनटीएफएसमध्ये क्विक फॉरमॅट.

नंतरचं

जुनी हार्ड डिस्क फेकू नका. स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमधून गेम एका डिस्कवरून दुसरीवर हलवता येतो. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या इंटरनेटने उतरवायला सव्वादोन तास लागतात, हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आणायला पंधरा मिनिटांच्या आसपास. जो चालू आहे तो एसएसडीवर, बाकीचे हार्ड डिस्कवर.

एसएसडीत १५ टक्के जागा मोकळी ठेवा, ठासून भरली की लिहिण्याचा वेग पडतो. हार्ड डिस्कसारखं डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) तिला लागत नाही. विंडोजचं 'ऑप्टिमाइझ' तिच्यासाठी ट्रिम (पुसलेल्या मालाची जागा मोकळी करणं) चालवतं, ते आठवड्याला चालू असू द्या.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळीसच्या वर असतो, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. खेळताना एसएसडी फार तापत नाही, कारण वाचन तुकड्यातुकड्याने होतं. मोठा गेम उतरवताना किंवा हलवताना तापते, आणि ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या स्लॉटमध्ये असेल तर कार्डाची गरम हवाही तिच्यावर येते. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान बघा. ७० अंशांपर्यंत ठीक. ८० च्या आसपास बहुतेक एनव्हीएमई स्वतःचा वेग कमी करून घेतात. साधा ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि समोरून हवा आत घेणारा एक पंखा, एवढ्याने काम भागतं.

एसएसडी झिजते म्हणून गेम टाकायला घाबरणारेही आहेत. चांगल्या १ टीबी टीएलसी एसएसडीवर बहुधा ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. दर आठवड्याला १०० जीबीचा नवा गेम उतरवलात तरी वर्षाला ५.२ टीबी होतात. खेळताना तर ती जवळपास नुसती वाचतच असते.

घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर एसएसडीचा सीरियल नंबर लिहून घ्या. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोत किती तास चालली आणि किती लिहिलं गेलं ते बघा. नवीन म्हणून घेतलेल्या एसएसडीवर हे आकडे शून्याच्या आसपास हवेत. शेकडो तास किंवा टीबीमध्ये लिखाण दिसलं तर ती वापरलेली आहे, त्याच दिवशी बदलून मागा. नाव न ऐकलेल्या ब्रँडची, फारच स्वस्त एसएसडी असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हा तपासणीचा प्रोग्राम चालवून तिची पूर्ण जागा एकदा लिहून-वाचून बघा. खोट्या एसएसडी १ टीबी दाखवतात आणि ६० जीबीनंतर आधीच्याच फाइलवर लिहायला लागतात. हे काम गेम टाकण्याआधी करायचं, कारण एच२टेस्टडब्ल्यू रिकाम्या डिस्कवरच नीट तपासतं.